डांबरी रस्ता पाच मिनिटांवर

रान घेताना झाडं सगळेच बघतात हो, पण रेवतीने काय बघितलं ते ऐका. ही मुलगी इथे सिंगापुरात, बुओना व्हिस्टाला वनस्पतींवर संशोधन करते. जुरोंग ईस्टला माझ्या दुकानात मसाला घ्यायला आली, तेव्हा एजंट मला व्हिडिओ कॉलवर कोकणातलं दोन एकर खाजगी रान दाखवत होता. गावी शेती करणाऱ्या थोरल्या भावाच्या नावावर घ्यायचं, उद्या इसार द्यायचा, असं ठरलेलं. ऐन, किंजळ, जुने आंबे बघून मी पार विरघळलो होतो.

म्हटलं, "रेवती, झाडं चांगली आहेत ना, तेवढं सांग."

तिने झाडांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एजंटाला विचारलं, "दादा, डांबरी रस्ता किती लांब?"

"पाच मिनिटं, ताई."

"मग फोन चालू ठेवून तिथपर्यंत चालून दाखवा."

तो निघाला. चौथ्या मिनिटाला एक अंगण आलं. आमसुलं वाळत घातलेली, आणि कमरेवर हात ठेवून एक आजी उभ्या.

"आलास परत माझ्या अंगणातून? रानाला दुसरी वाट नाही, हे सांगितलंस का गिऱ्हाइकाला?"

एजंटाने फोन आजींपुढे केला.

रेवती म्हणाली, "आजी, रान घेतलं तर आम्हाला वाट द्याल?"

"लाकडाच्या ट्रकला नाही देणार. तू चहाला ये हो, कधीही."

गाडीला वाटच नाही म्हटल्यावर इसार मी दिला नाही. रेवती मात्र सुट्टीत गेली, तेव्हा त्या अंगणात चहा पिऊन आली.