हिंदुरावांनी वर केलेला झेंडा

‘वाढताना आपल्या भावाचं पान विसरू नकोस हं, मुली.’ माझ्या सासूबाई पंक्तीत हळूच सांगायच्या. कारण मी विसरायचे! माहेरच्याला जास्त वाढते असं कुणी म्हणू नये, म्हणून भावाच्या पानात भात कमीच पडायचा. आता सांगा मंडळी — आपल्या माणसाला मुद्दाम कमी दिलं, तर त्याला न्याय म्हणायचं का? थांबा. आधी कोल्हापूरला चला.

तिथं तालमी कुस्तीच्या, पण वेड फुटबॉलचं! तालमी-तालमींचे संघ. अशाच एका तालमीचे जुने खेळाडू हिंदुराव साळोखे. त्यांच्याच तालमीच्या अंतिम सामन्याचा लाइनमन ऐन वेळी तापानं पडला. रेषेवर झेंडा घेऊन उभं राहणार कोण? समोरची तालीम म्हणाली, हिंदुराव चालतील, ते खोटं करणार नाहीत. विरोधकानं दिलेला मान तो — अहो, पेढ्याहून गोड लागतो!

सामना संपत आला, बरोबरी. हिंदुरावांच्याच तालमीचा रणधीर चौगुले, पस्तिशी गाठलेला, त्याचा हा शेवटचा सामना. धावला, चेंडू आला, गोल! आणि हिंदुरावांचा झेंडा वर. ऑफसाइड!

म्हणजे काय? मला कळलं, तुम्हाला कळेलच. आपल्या गड्याच्या पायातून चेंडू सुटतो, त्या क्षणी समोरच्यांच्या शेवटच्या बचावपटूच्या पुढं असायचं नाही. सुटल्यावर पळा की हवं तेवढं! चेंडू मिळतो तेव्हाचं नाही, सुटतो तेव्हाचं बघायचं.

गोल रद्द. मग समोरच्यांनी गोल मारला, जिंकले, वर हिंदुरावांना फेटा बांधला. आणि इकडं पेठेत, चहाच्या टपरीवर, तीन दिवस वाद! पेले म्हणजे बचावपटू, बशी म्हणजे गोल, खारी म्हणजे रणधीर. वादाच्या भरात खारी कुणीतरी खाल्ली, तरी वाद थांबेना. शेवटी निवाडा असा झाला, की हिंदुराव चुकायचे नाहीत; रणधीरच हावरा, आधी पळाला. रणधीरनं तालमीत पाऊल टाकणं सोडलं.

हिंदुरावांच्या पत्नी आक्काताई. त्यांनी जन्मात सामना पाहिला नव्हता. भाकरी थापता थापता त्यांनी सहज विचारलं,

“चेंडू सुटला तवा तुमी बघत कुटं हुता?”

हिंदुरावांनी घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, “काठावर बसलेल्या समोरच्या तालमीच्या लोकांकडं. रणधीर पुढं आला की झेंडा वर करायचा, हे मी आधीच ठरवलं हुतं. आपल्या माणसाला सोडलं म्हणतील म्हणून.”

“मग त्यो ऑफसाइड हुता का न्हवता?”

“ठाव न्हाई. मी बघितलंच न्हाई.”

“मग तेवढंच सांगा की. सगळ्यांम्होरं.”

“शनिवारी तालमीत मारुतीच्या आरतीला सांगतो,” ते म्हणाले.

बघा हं! तीन दिवस अख्खी पेठ भांडली, आणि ज्यानं बघायचं त्यानं बघितलंच नव्हतं. हसू नका. पाहुण्यांपुढं आपण लेकीला बोलतो, शेजारणीपुढं नवऱ्याला. का? आपल्याला चांगलं म्हणावं म्हणून! देवाला असला निःपक्षपात नको आहे, मंडळी. घरी गेल्यावर आपल्या माणसाकडं एकदा नीट बघा. तेवढीच पूजा.

आणि शनिवारी? तालमीत घंटा सुरू झाली. हिंदुरावांनी पायात चपला घातल्या, दार हलकेच ओढून घेतलं. तालमीचा रस्ता उजवीकडं. ते डावीकडं वळले, रणधीरच्या गल्लीत. जे सांगायचं, ते ऐकायला तो तालमीत असायला हवा होता.