दामूने झाकलेली काच

ऐका, पण हसू नका. बायकोची साखरेची इंजेक्शनं वाडीच्या सोलर फ्रीजात असतात, आणि परवा बघतो तर फ्रीज गरम. इंजेक्शनं नासली तर तिचं काय, म्हणून पॅनेल बघायला धावत गेलो. सगळ्या पॅनेलवर नारळाची झापं घातलेली.

राखणीला दामू. त्याचा जन्म हापूसच्या बागेत गेला.

“ही झापं कुणी घातली रे?”

“मीच. उन्हात आंबापण भाजतो तात्या, ही तर काच.”

“मेल्या, ती उन्हावरच चालते.”

“मग रात्री दिवे कशावर लागतात ओ?”

ते मलाही ठाऊक नव्हतं. झापं मात्र मीच ओढून काढली.