नळीतल्या अक्षता

क्रांती : कोणी हात लावू नका! सोनल, पिस्तूल टेबलावरच राहू दे, तोंड मातीच्या बांधाकडे. गोळ्या भरल्या होत्यास?

सोनल : नाही मॅडम. भरायच्या आधी नळीतून बघायचं असं तुम्हीच शिकवलंय ना. बघितलं, तर पलीकडचा उजेडच दिसेना. म्हणून हात वर केला.

क्रांती : शाबास. लाल रेघेच्या मागे उभी राहा. रघूकाका, सळई घाला नळीत. काय निघतंय?

रघू : अक्षता हायत.

क्रांती : अक्षता! कुंकवात वाळून दगड झाल्यात. हिने गोळी झाडली असती तर नळी फाटून तोंडावर आली असती. कळतंय का तुम्हाला?

रघू : कळतंय.

क्रांती : काय डोंबल कळतंय! पिस्तुलांचं कपाट तुमच्या ताब्यात. सकाळी ‘साफ हाय’ म्हणून तुम्हीच हातात दिलंत.

रघू : वरनं पुसलं व्हतं. आत फडकं घातलं न्हाय. कालच दसऱ्याची पूजा झाली, कुंकू लगेच खरवडायला हात धजला न्हाय.

क्रांती : आणि पोरीचा डोळा गेला असता तर? थळ गावात हिच्या आईला काय सांगायचं होतं, पूजा चांगली झाली म्हणून?

रघू : तसं न्हाय मॅडम...

क्रांती : आणि पूजेत पिस्तूल तोंड वर करून कोणी ठेवलं होतं?

रघू : मीच. कोहळ्याला टेकवून. फोटोत बरं दिसतं म्हणून.

क्रांती : फोटोत! आपल्याकडे नियम काय आहे? सगळ्यांना ऐकू जाऊ दे.

रघू : ज्याच्या हातनं चूक, त्यानं महिनाभर रेघेच्या आत पाय ठेवायचा न्हाय.

क्रांती : मग चावी द्या कपाटाची. आत्ता.

रघू : घ्या. हा निघालो रेघेभाईर. पन समदं खापर माझ्याच डोक्यावर फोडू नका.

क्रांती : वर तोंड करून बोलता? आणखी कोणाच्या डोक्यावर फोडू?

सोनल : मॅडम, सॉरी, पण काकांनी नुसतं कुंकू लावलं होतं.

क्रांती : मग अक्षता काय आभाळातून पडल्या?

सोनल : तुम्ही टाकल्या. तुमचा फोन चालू होता. फोनवर बोलता बोलता ताटातली मूठ उचललीत आणि तशीच पिस्तुलावर ओतलीत. मी शेजारीच होते. काका ‘मॅडम, नळी, नळी’ म्हणाले, तर तुम्ही हातानेच त्यांना गप्प केलंत.

क्रांती : ... काका, खरं आहे हे?

रघू : व्हय.

क्रांती : मग इतका वेळ तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती?

रघू : पोरींसमोर त्यांच्या मास्तरणीला काय बोलायचं? उद्या तुमच्या ‘थांबा’वर त्या थांबायच्या न्हाईत. तेवढ्यासाठी गप होतो. राग मलाबी येतो, मॅडम.

क्रांती : हं. न पुसता ‘साफ हाय’ म्हणालात, ती चूक तुमचीच. चावी मिळायची नाही.

रघू : मागितली कुठं?

(क्रांती गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवते आणि रेघेबाहेर येते.)

सोनल : मॅडम, मग आज नेमबाजी?

क्रांती : आज नाही. महिनाभर नाही. काका, सरका जरा. मलाही इथेच उभं राहायचंय.

रघू : या. सावलीत या.