इल्देचा शेवटचा स्कार्फ

...नाही, मला एक सांगा, दुकान म्हटलं की माल समोर दिसायला नको? अहो, मी एर्मानो, कोमोच्या तळ्यावर बोटीच्या धक्क्यावर छत्तीस वर्षं तिकिटं फाडली! आमच्याकडे कसं? ही खिडकी, हे वेळापत्रक, ही बोट. बेल्लाजोला जायचंय? दोन नंबर. संपलं! भाषेचं अक्षर न कळणारे पाहुणे बरोबर बोटीत बसायचे... आणि ह्या बड्या फॅशनवाल्यांच्या वेबसाइटी! तुम्हाला सांगतो, तीन दिवस आत भटकलो, पण स्कार्फ कुठंय?

म्हणाल, म्हाताऱ्या, तुला कशाला रेशमी स्कार्फ? मला नकोच हो. तो माझ्या बायकोनं, इल्देनं शिवलाय. म्हणजे छापणारे वेगळे, ही फक्त कड शिवायची. चिमटीत रेशीम गुंडाळायचं, बारीक टाका घालायचा, परत गुंडाळायचं... खिडकीशी बसून एकतीस वर्षं! कारखान्याची बाई गठ्ठा टाकून जायची, तीन कंपन्यांचा माल, कुठला कुणाचा ते सांगायची नाही. शेवटी आजारी पडली, सुई ओवता येईना, मी म्हटलं, ठेव गं आता. तर म्हणते, "एवढा एक पुरा करू दे. डाळिंबावर पक्षी बसलाय, गोड आहे मेला." चार टाके वाकडे गेले, उसवले, परत घातले. बाई येऊन घेऊन गेली. फेब्रुवारीत इल्देही गेली.

म्हटलं, हात लावायला नाही तर नाही, एकदा डोळ्यांनी ती कड बघू. कंपनी माहीत नाही, मग तिन्ही धुंडाळायच्या!

पहिली उघडली तर सिनेमा! एक उपाशी पोरगी वाळवंटात चालतेय, चालतेय, चालतेय... अगं बाई, कुठं निघालीस, मलाही ने! यादी कुठं? तर कोपऱ्यात दोन रेघा. त्या रेघा म्हणजेच यादी, हे मला तोरीनोहून माझ्या लेकीनं, नीवेसनं फोनवर सांगितलं. "बाबा, रेघांवर बोट ठेवा." ठेवलं. आत काय? 'स्वप्न', 'वारसा', 'आमचं जग'. अरे तुमचं जग ठेवा तुमच्याकडे, स्कार्फ कुठंय?

दुसरी त्यातल्या त्यात बरी, यादी सरळ होती. बायका, पुरुष, पिशव्या, स्कार्फ... मी खूश! दाबतो तोच पाटी आडवी: आमच्या परिवारात या! फुली मारली. दुसरी पाटी: कुठल्या देशातून आलात? इटली म्हटलं, तर थेट पहिल्या पानावर हाकललं! आमच्याच देशात! चार वेळा! शेवटी स्कार्फ दिसले, अडीचशे. सरकवतोय, सरकवतोय, दोनशेपर्यंत पोचलो, बोट घसरलं, पुन्हा वर! पुन्हा पहिल्यापासून सगळे बघितले. पक्षी नव्हता.

तिसरीला शोधायची चौकट होती, देव पावला! लिहिलं, पक्षी. 'सापडलं नाही, हा पट्टा बघा.' लिहिलं, डाळिंब. 'हे अत्तर बघा.' पट्टा नको, अत्तर नको, स्कार्फ कुठंय?

नीवेस म्हणाली, "पुरे ना बाबा. आईचा एखादा असेल की कपाटात."

म्हटलं, "नाही गं. एकतीस वर्षं शिवले, घरात एक नाही. घेऊन देतो म्हटलं की म्हणायची, दिवसभर तेच बघते, मला आपला लोकरीचा आणा."

लेक नाक ओढत म्हणाली, "थांबा, मी बघते." आणि तिनं शोधला हो, त्या तिसरीवरच! नाव काय, तर 'हिवाळी बाग, क्रमांक सात'. ह्यात डाळिंब कुठं, पक्षी कुठं?

पण तोच. गोड मेला. मी चित्र मोठं करतो, तर पक्षी मोठा होतो, मॉडेलची मान मोठी होते, आणि कड जाते चौकटीबाहेर! पुन्हा करतो, पुन्हा बाहेर!

कंपनीलाच फोन लावला. पलीकडे साखरेत घोळलेला आवाज: "नमस्कार साहेब, काय सेवा करू?"

"बाई, मला फक्त कड दाखवा."

"साहेब, आमची कड कुशल हातांनी शिवलेली असते."

"कुणाच्या?"

"ते... कुशल हातांनी, साहेब."

"इल्दे म्हणायचे त्या हातांना," म्हटलं, आणि सांगून टाकलं सगळं. पलीकडच्या पोरीचा आवाज एकदम घरच्यासारखा झाला. "काका, तो संपला हो. परत निघायचा नाही. नवे आले की कळवते, ईमेल द्या, नाव सांगा ना." आणि माझ्या तोंडून निघून गेलं... इल्दे.

आता दर गुरुवारी ईमेलवर पत्र येतं. 'प्रिय इल्दे, तुम्ही बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत.' खाली बटण आहे, पत्रं नको असतील तर दाबा. मोठं, ठळक, बरोबर जागेवर! ह्या तिन्ही कंपन्यांच्या कारभारात मला झटक्यात सापडलेली ही एवढी एकच वस्तू...

दाबवत नाही हो.