आपल्या गव्हातला किडा

आमच्या सासूबाईंनी माझ्यावर पहिला संशय घेतला तो कॅमेऱ्यामुळे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तेव्हा रोलचे कॅमेरे होते. बारीकसारीक गोष्टींच्या फोटोंची वेगळी लेन्स मिळायची, पण ती परवडणारी नव्हती. म्हणून मी आहे तीच लेन्स काढून, उलटी करून कॅमेऱ्यापुढे हातानं धरायचे. त्यातून मुंगीसुद्धा मोठी दिसते.

एकदा गहू निवडताना किडा सापडला. त्याला खिडकीत नेऊन मी फोटो काढत होते, तेवढ्यात सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"कशाचा फोटो काढते?"

"किड्याचा."

"आपल्या गव्हातल्या?"

गहू त्यांच्या निफाडच्या शेतातला होता आणि त्याचं त्यांना फार कौतुक. मी हो म्हणाले.

"म्हणजे माहेरी दाखवणार."

"नाही हो आई, मला आवडतं म्हणून काढते."

त्यांना काही ते पटलं नाही. रोल धुऊन आला तेव्हा पाकीट आधी त्यांनीच उघडलं. फोटोत किडा चांगला बोराएवढा दिसत होता, सोंडेसकट. चष्मा लावून त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"हा आपल्या गव्हातला नाय," त्या म्हणाल्या. "एवढा मोठा असता तर निवडताना मला दिसला असता. कुठून आणला, खरं सांग."