पट्टा खिशात होता

दिनांक १२ डिसेंबर १९८१, शनिवार, सकाळी सव्वानऊ. सांगणारा गुंडू विठोबा परब, वय ५३ वर्षे, काम स्वयंपाकी, राहणार झल्लाक, कंपनीच्या बंगल्यामागची खोली. मूळ गाव वेंगुर्ला तालुक्यात. अरबी येत नसल्याने मराठीत सांगितले. दुभाषी मुनाफ, राहणार हिद्द, यांनी ते लिहून घेतले.

मी आपल्या पायांनी ठाण्यावर येऊन सांगतो की, मी या आखाती देशात अकरा वर्षे आहे. माझ्याविरुद्ध आजवर कोणाची तक्रार नाही. काल मआमीर येथे गोळी घालून मारलेल्या कुत्र्याचा देह मागायला मी आलो आहे. दुसरे काही मागत नाही.

कुत्र्याचे नाव मेजर. रंग तांबडा, डावा कान फाटका, वय आठ वर्षे. कागदावर तो माझा नाही. बंगल्यातले आधीचे साहेब दोन वर्षांपूर्वी नोकरी संपवून कायमचे विलायतेला गेले. जाताना 'गुंडू, याला बघ' एवढेच म्हणाले. तेव्हापासून तो माझ्या खोलीत असतो. लायसन मी दरवर्षी साहेबांच्याच नावे करून आणतो, कारण नाव बदलायला त्यांची सही लागते आणि त्यांचा पत्ता माझ्याकडे नाही. माझी बायको गावी वारली तेव्हा मला रजा मिळाली नाही. तेरा दिवस हा माझ्या खाटेखालून हलला नाही. हे जबाबात नको, असे मुनाफभाई म्हणतात. मी म्हणतो, असू दे.

साहेबांनी त्याला 'स्टे' शिकवले होते. तो शब्द एकदा उच्चारला की हाक मारेपर्यंत तो जागा सोडत नसे. एका ऑगस्टात साहेब सांगून विसरले आणि पार्टीला गेले, तेव्हा हा संध्याकाळपर्यंत गेटाशी उन्हात बसून होता. मी बाजारातून आल्यावर त्याला उठवून पाणी पाजले. साहेबांना मी काय बोलणार होतो?

आमच्या घरातला एक माणूस दरवर्षी दत्तजयंतीला अनवाणी दत्ताच्या देवळापर्यंत चालत जातो. वडील गेल्यावर ते चालणे माझ्याकडे आले. इथे आल्यापासून मी झल्लाकहून मनामाच्या देवळापर्यंत चालतो. यंदा जयंती गुरुवारी होती, सुट्टी शुक्रवारी, म्हणून शुक्रवारी निघालो. दत्ताच्या पायाशी कुत्री असतात. त्यामुळे आमच्या घरात रीत अशी की वाटेत कुत्रा सोबत असेल तर पहिला घास त्याचा, आणि त्याच्या गळ्यात दोरी किंवा पट्टा ठेवायचा नाही. देवाच्या वाटेवर त्याला कोणी मालक नसतो. मागची दोन वर्षे मेजर माझ्याबरोबर असाच चालला होता.

पहाटे पाचला निघताना मी त्याचा पट्टा काढून खिशात घातला. पट्ट्याला लायसनचा पत्रा आहे, मुदत या महिन्याच्या अखेरीपर्यंत. बिनपट्ट्याचे कुत्रे बेवारस धरतात हा नियम मला माहीत होता. माहीत नव्हता असे लिहिले तर सोपे जाईल, असे मुनाफभाईंनी सुचवले. मी खोटे सांगणार नाही. पट्टा मी काढला, हे नीट दिसेल असे लिहा.

साडेदहाच्या सुमारास मआमीरला पोचलो. तिथून माझ्या तालुक्यातला पांडुरंग, ट्रक ड्रायव्हर, दरवर्षी माझ्यासोबत पुढे येतो. तो लतीफच्या चहाच्या दुकानात वाट बघत होता. लतीफ श्रीवर्धनकडचा, भला माणूस. शुक्रवारची गिऱ्हाइके नमाजाला जायच्या तयारीने येतात, कुत्रा अंगाला लागला तर त्यांना अडचण होते. त्याने अदबीने सांगितले की मामा, याला जरा पलीकडे ठेवा. त्यात त्याची काही चूक नाही. मी रोटी घेतली, पहिला तुकडा मेजरला घातला, त्याला रस्त्यापलीकडे भिंतीच्या कडेला नेले आणि 'स्टे' म्हटले. तिथे गावातली तीन-चार मोकाट कुत्री पडलेली होती.

चहा अर्धा झाला तेव्हा दोन बार ऐकले. पांडुरंग म्हणाला, टायर फुटला असेल. मी उठलो नाही. तळपाय सोलले होते आणि बाकावर बरे वाटत होते. चहा संपवून बाहेर आलो तर भिंतीकडेला रक्त होते आणि कुत्रा नव्हता. बेवारस कुत्री मारणाऱ्यांची सरकारी पिकअप गाडी कोपऱ्यावरून वळत होती. लतीफ तिच्यामागे चपला टाकून धावला, पण ती थांबली नाही. मी हाका मारत राहिलो. का मारत होतो, माहीत नाही.

भिंतीलगतच्या घरातल्या जमीलाबाईंनी खिडकीतून सगळे पाहिले. पिकअप दिसताच मोकाट कुत्री पळाली, त्यांना ती गाडी ठाऊक आहे. माझा कुत्रा सांगितल्याप्रमाणे बसून राहिला. बंदूकवाला दहा पावलांवर येऊन उभा राहिला तरी त्याने नुसते दुकानाच्या दाराकडे पाहिले. पहिली गोळी मागच्या पायाला लागली. त्यानंतरही तो उठला नाही, असे बाई म्हणाल्या. हे मी त्यांना लतीफकडून दोनदा विचारून घेतले. मग रस्त्यातच बसून रडलो.

पांडुरंग एकटा पुढे देवळात गेला. मी गेलो नाही, यापुढेही जाणार नाही. आमच्या घरातले ते चालणे माझ्यापाशी संपले.

आज ठाण्यावर कळले की कालची सगळी जनावरे चुना टाकून एकाच खड्ड्यात बुजवली, ती आता उकरत नाहीत. शिवाय कुत्रा दुसऱ्याच्या नावे असल्याने मला मागता येत नाही. माझी कोणावर तक्रार नाही. पट्टा हजर केला आहे. तो नियमाप्रमाणे जमा होईल, परत मिळणार नाही, असे सांगण्यात आले.

मुनाफभाईंनी वरचे सगळे मला सावकाश वाचून दाखवले. एका जागी 'कुत्रा पळाला नाही' असे होते. ते खोडून 'कुत्रा सांगितल्याप्रमाणे बसून राहिला' असे करून घेतले. आता बरोबर आहे.

सही: गुंडू विठोबा परब