खालच्या दोन ओळी

(रुग्णालयातली खोली. बाबा कॉटवर बसलेले, मांडीवर लॅपटॉप. ते जे टाइप करतात ते लॅपटॉप मोठ्यानं वाचतो.)

आई : डॉक्टर एवढे खूश होऊन गेले, आणि हे कॉटशेजारच्या टेबलावर हात काय आपटताहेत?

मुलगी : थांब, विचारते. बाबा, डॉक्टर म्हणाले दुपारी ऑपरेशनला घेऊ या का, आणि लॅपटॉप बोलला, ‘माझी तयारी आहे.’ तुम्ही हेच लिहिलं होतंत ना?

आई : मान नाही म्हणून हलवताहेत.

मुलगी : स्क्रीन इकडे करा बघू... अरे देवा.

आई : काय झालं?

मुलगी : खाली अजून दोन ओळी आहेत. प्रोग्रामनं त्या घेतल्याच नाहीत.

आई : वाच.

मुलगी : ‘माझी तयारी आहे’, त्याखाली ‘घरी जायची’, त्याखाली ‘ऑपरेशन आता पुरे.’

आई : म्हणजे सगळं उलटंच की!

मुलगी : प्रोग्राममध्ये मी इनपुट घ्यायची आज्ञा एकदाच लिहिलीय गं. ते एकच ओळ वाचतं. एंटर दाबलं की त्याच्या लेखी बोलणं झालं.

आई : मग हे एंटर दाबणारच ना! जन्मभर कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज टाइप केलेत. चार शब्द झाले की बोट आपसूक खालच्या ओळीवर.

मुलगी : मला सुचायला हवं होतं. बाबा, लिहून दाखवलं की डॉक्टर अर्धं वाचून निघून जातात म्हणालात, म्हणून घाईघाईत हे बोलणारं केलं. थांब आई, डॉक्टरांना बोलावते.

आई : दार लाव आधी.

मुलगी : का?

आई : त्यांनी ऐकलंय तेच राहू दे. खाली ऑपरेशनच्या तयारीला माणसं लागली असतील. एकदाचं उरकू दे.

मुलगी : आई! आवाज गेलाय बाबांचा, कान नाहीत गेले.

आई : ऐकू देत. तोंडावरच म्हणतेय मी.

मुलगी : चूक माझ्या प्रोग्रामची आणि गळा त्यांचा कापायचा?

आई : मला बाकी काही कळत नाही. ऑपरेशन केलं तर थोडी तरी आशा आहे, एवढंच कळतं.

मुलगी : मी आधी हे दुरुस्त करते. मग ते स्वतः बोलतील, अख्खं. एक रिकामी लिस्ट घेतली. आता लूप, म्हणजे तेच पुन्हा पुन्हा. एक ओळ घ्यायची, लिस्टच्या शेवटी जोडायची, पुढची घ्यायची. रिकामी ओळ आली की थांबायचं आणि सगळं सलग वाचायचं. हं, बोला बाबा.

बाबा : डॉक्टर भले आहेत.
माझी काही तक्रार नाही.

आई : झालं? मग घ्या की करून!

मुलगी : अगं, ते अजून टाइप करताहेत. मध्ये ओळ सोडलीत का, बाबा?

आई : सोडणारच. परिच्छेद बदलला की ओळ सोडायची. शिकायला येणाऱ्या पोरांना ओरडायचे त्यावरून.

मुलगी : मग रिकामी ओळही बोलण्यातच धरते. थांबायला एखादा शब्द ठेवू. तो एकटा ओळीवर आला की बोलणं पुरं झालं. कुठला ठेवू, बाबा?

बाबा : संपलं.

आई : तो नको. दुसरा कुठलाही ठेव.

मुलगी : ‘सही’ ठेवू? अर्जाच्या शेवटी असते तशी? बरं, चालतंय त्यांना. झालं बघा. आता हवं तेवढं बोला, मध्ये तुटणार नाही.

बाबा : डॉक्टर भले आहेत.
माझी काही तक्रार नाही.

आवाज गेला
तो मी सोसला.
आता गिळणंही जाणार,
नळीनं पोटात घालणार.
एवढं करून गुण येईल का,
ते त्यांनाही सांगता येत नाही.

मला घरी जायचंय.
तुझ्यासमोर बसून
जेवायचंय,
जमेल तोवर.
पातळ करून दे,
गाळून दे, चालेल.

मघाशी तू म्हणालीस
राहू दे.
मी मनाला लावून घेतलं नाही.
तुझ्या जागी असतो
तर मीही तेच म्हणालो असतो.

मुलगी : आई...

आई : तुमची तयारी झाली म्हणे. माझी झालीय का, विचारलंत कधी?

बाबा : नाही.
धीर झाला नाही.

मुलगी : आई, डॉक्टर अजून याच मजल्यावर असतील. त्यांना बोलावते आणि हे सगळं पुन्हा ऐकवते.

आई : नको. हे मशीनच्या तोंडून नको. मी जाते.

मुलगी : काय सांगशील?

आई : यांना घरी जायचंय, एवढं सांगेन. मला पटलंय, असं मात्र नाही म्हणणार.